वायरबुश गांवचे कारभारी फ्रीड्रिख रायफायझेन

जर्मनी देशाच्या पश्चिम भागांत, ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस, वेस्टरवाल्ड नांवाचा एक डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या उत्तरेस झीग नदी व दक्षिणेस लान नदी असून त्या दोन्ही पश्चिमेकडे वाहत जाऊन ऱ्हाईनला मिळतात. येथील डोंगर फारसे उंच नाहींत. त्यांतील सर्वांत उंच माथा ६५७ मीटर आहे. म्हणजे आमच्या पुणें शहराहून तो थोडासाच उंच भरेल. परंतु तेथील वारा बोचरा, हिंवाळा लांब, पाऊस पुष्कळ व जमीन जड आणि गारठलेली अशी असल्यामुळें द्राक्षें किंवा गहूं पिकविणाऱ्या ऱ्हाईनकांठच्या शेतकऱ्याचें सुख डोंगरावरच्या शेतकऱ्याला कधींच मिळालें नाहीं. ओट, राय नांवाचें काळसर धान्य, बटाटे आणि गोठ्यांतील एकदोन गाई ह्यांवर त्याचा संसार चालत असे. ह्या प्रदेशाच्या पश्चिम अंगास, कोलोनहून फ्रांकफुर्टकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, वायरबुश नांवाचें एक लहानसें गांव आहे. राजामुळें किंवा लढाईमुळें ह्या गांवाचें नांव जगाला कळलें नाहीं; तें कळलें पाव भाजण्याच्या एका भट्टीमुळें व ती भट्टी घालणाऱ्या एका कारभाऱ्यामुळें. त्या गृहस्थांचें नांव फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या गांवीं आज सहकारी सोसायटी असेल. तिचें कर्ज काढून पुष्कळांनीं बैल घेतले असतील, बी-बियाणें आणलें असेल, आणि कांहींच्या डोक्यावर तिचें ओझेंहि असेल. ह्या झाडाचें एक मोठें मूळ वायरबुशच्या मातींत आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. म्हणून त्या गृहस्थांची हकीकत आज आम्ही सांगण्याचें योजिलें आहे.

रायफायझेन ह्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजीं झीग नदीच्या कांठीं हाम ह्या गांवीं झाला. नऊ भावंडांत त्यांचा क्रम सातवा. हा सारा मुलूख पूर्वीं लहान लहान सरदारांच्या ताब्यांत होता. नेपोलियनचीं युद्धें संपल्यावर १८१५ सालीं तो प्रशियाच्या राज्यास जोडण्यांत आला. फ्रीड्रिखचे वडील शेतकरी असून कांहीं काळ गांवचे अधिकारीहि होते. पण मुलगा अगदीं लहान असतांनाच ते आजारी पडले, त्यांच्या हातून काम होईनासें झालें, आणि घराचा सगळा भार आईवर आला. ती माउली देवभीरु व कष्टाळू होती. मुलास मोठ्या शाळेंत धाडण्यास घरांत पैसा नव्हता. तेव्हां तेथील मंडळीचे पाळक झाइपेल, जे नात्यानेंहि जवळचे होते, त्यांनीं त्याला आपल्यापाशीं बसवून कांहीं वर्षें शिकविलें. जें कांहीं शिक्षण ह्या मुलास मिळालें तें गांवच्या शाळेंत व पाळकांच्या घरीं. विश्वविद्यालयाची पायरी तो कधींच चढला नाहीं.

सतरा वर्षांचा असतांना फ्रीड्रिख प्रशियाच्या सैन्यांत तोफखान्याच्या खात्यांत दाखल झाला. तेथें त्यानें चांगलें नांव मिळविलें व पुढें झाइन येथील लोखंडाच्या कारखान्यांत देखरेखीचें कामहि त्याला देण्यांत आलें. परंतु इतक्यांत डोळ्यांचा विकार जडला, आणि १८४३ सालीं सैन्यांतील नोकरी सोडणें त्यास भाग पडलें. हा विकार पुढें आयुष्यभर त्यांच्या पाठीस लागला व अखेरीस त्यानें त्यांना जवळजवळ अंध केलें. सैन्य सोडल्यावर ते मुलकी खात्यांत शिरले आणि मायेन येथें जिल्हा कचेरींत चिटणीस झाले. १८४५ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यांची वायरबुश येथें बुर्गमाइस्टर म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षीं रेमागेन गांवच्या एमिली श्टोर्क ह्यांच्याशीं त्यांचें लग्न झालें.

बुर्गमाइस्टर ह्या हुद्द्याचा अर्थ येथें समजून घेतला पाहिजे. शहरांत ह्या शब्दानें नगराध्यक्ष समजला जातो. परंतु प्रशियाच्या त्या प्रांतांत अनेक खेडीं मिळून एक विभाग असे व त्यावर सरकार हा अधिकारी नेमी. आमच्या इकडच्या जुन्या पद्धतीनें बोलावयाचें तर तो पाटलाहून मोठा व मामलेदाराहून लहान. वायरबुशच्या विभागांत वीसांहून अधिक खेडीं होतीं. कर वसूल करणें, रस्ते पाहणें, शाळा चालविणें, गरिबांची यादी ठेवणें, हीं सारीं कामें त्याचीं. तरुण रायफायझेन खेडोपाडीं हिंडूं लागले तेव्हां त्यांस दिसलें तें असें: बापाची जमीन सर्व मुलांत वांटून देण्याची चाल असल्यामुळें शेतांचे तुकडे पडत गेले होते, एका तुकड्यावर एक कुटुंब नीट जगेना, आणि कर व देणें मात्र रोख पैशांनींच द्यावें लागे. रोख पैसा सावकाराकडे. त्यामुळें सुगी होण्यापूर्वींच पीक दुसऱ्याचें होऊन बसे. ह्या वर्णनांत जर्मनी हें नांव काढून आपल्याकडील एखाद्या तालुक्याचें नांव घातलें तर वाचकांस फारसा फरक वाटणार नाहीं.

अशा स्थितींत १८४६ सालचा दुष्काळ आला. त्याच्या आदल्या वर्षापासून युरोपांत बटाट्यावर रोग पडला होता. त्यांत धान्याचें पीकहि बुडालें. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत वेस्टरवाल्डच्या डोंगरांत उपासमार सुरू झाली. धान्याचे भाव चढले, आणि ज्यांच्यापाशीं बी म्हणून राखून ठेवलेले बटाटे होते त्यांनीं तेहि खाऊन टाकले. सरकारनें आपल्या कोठारांतून कांहीं पीठ वायरबुशला पाठविलें; परंतु त्याबरोबर हुकूम आला कीं, जो रोख पैसे देईल त्यालाच तें द्यावें.

येथें ह्या तरुण अधिकाऱ्याची खरी कसोटी लागली. हुकूम पाळावा तर पीठ, ज्यांना त्याची गरज कमी, त्यांच्याच घरीं जाणार. कारण भुकेल्या माणसापाशीं रोख पैसा असता तर तो भुकेला कशाला राहिला असता? हुकूम मोडावा तर नोकरीवर गदा येणार, आणि त्यांचा संसार तर नुकताच सुरू झालेला. रायफायझेन ह्यांनीं गांवोगांवच्या जाणत्या माणसांची एक गरीब-मदत समिति बनविली, तिच्यामार्फत गरजूंची पारख केली, आणि पीठ उधारीवर वांटून टाकलें. वरिष्ठांची नाराजी त्यांनीं पत्करली. मात्र पीठ फुकट दिलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. घेणारानें पुढें तें फेडावयाचें होतें, आणि त्याच्या शब्दावर गांवच्या पंचांनीं भरंवसा ठेवला होता.

सरकारी पीठ पुरें पडण्यासारखें नव्हतें. तेव्हां रायफायझेन ह्यांनीं आपल्या विभागांतील खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांस एकत्र केलें व त्यांच्याकडून पैसे गोळा करून एक निधि उभारला. ह्या मंडळास वायरबुशची पाव-मंडळी असें नांव पडलें. त्या पैशांतून बाहेरून धान्य विकत आणलें, गांवांत सार्वजनिक भट्टी बांधली, आणि तेथें पाव भाजून तो गरिबांस स्वस्त दरानें, उधारीनें देण्याची व्यवस्था केली. एवढ्या एका भट्टीनें आसपासच्या बाजारांतील पावाचा भाव खालीं आणला. पेरणीची वेळ येतांच मंडळीनें बी-बटाटेहि आणून दिले, कारण पेरणी चुकली तर पुढच्या हिंवाळ्यांतहि तीच गत होणार होती. १८४७ ची सुगी बरी झाली, आणि लोकांनीं आपलें देणें फेडलें. ज्यांना जग बुडीत समजत होतें त्यांनीं पैसे परत केले, ही गोष्ट रायफायझेन जन्मभर विसरले नाहींत.

ह्या काळांत त्यांनीं केलेलीं आणखी दोन कामें सांगितलीं पाहिजेत. एक, शाळा. गरिबाच्या मुलास लिहितां-वाचतां व हिशेब करतां आल्यावांचून तो सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे हें कधींच ओळखणार नाहीं, असें त्यांचें मत होतें. म्हणून त्यांनीं वायरबुशला शाळेची इमारत उभी केली. दुसरें, रस्ता. डोंगरांतील माल ऱ्हाईनकांठच्या बाजारास नेण्यास धड वाट नव्हती. चिखलांत गाडी रुते व मालाचा नफा वाटेंतच संपे. रायफायझेन ह्यांनीं गांवकऱ्यांचें श्रम एकत्र करून रस्त्याचें काम हातीं घेतलें, व पुढें त्यांची बदली जिकडे जिकडे झाली तिकडे तिकडे तो रस्ता त्यांनीं पुढें नेला. वायरबुशपासून फ्लामर्सफेल्डवरून नॉयवीडजवळ ऱ्हाईनच्या खोऱ्यांत उतरणारी ती वाट आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. तिच्यावर त्यांच्या आयुष्याचे तीन मुक्काम ओळीनें लागतात: वायरबुश, फ्लामर्सफेल्ड व हेड्डेसडॉर्फ.

१८४८ सालीं त्यांस फ्लामर्सफेल्ड येथें नेमण्यांत आलें. हा विभाग मोठा. त्यांत तीसांहून अधिक खेडीं. येथें दुष्काळ नव्हता, पण एक दुसरें दुखणें होतें, आणि तें गोठ्यांत होतें. शेतकऱ्यापाशीं गाय विकत घेण्यास पैसा नसे. मग गुरांचा व्यापारी एखादी हाडकुळी गाय उधार आणून त्याच्या गोठ्यांत बांधी. शेतकरी तिला चारा घालून धष्टपुष्ट करी. ती चांगली झाली कीं व्यापारी ती घेऊन जाई व दुसरी हाडकुळी गाय बांधी. चारा ह्याचा, कष्ट ह्याचे, नफा त्याचा. आणि देणें होतें तेवढेंच, किंबहुना वाढलेलें. कांहीं वर्षांनीं शेतहि हातचें जाई.

१ डिसेंबर १८४९ रोजीं रायफायझेन ह्यांनीं फ्लामर्सफेल्ड येथें गरीब शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. त्यांत सुमारें ६० सधन गृहस्थ सामील झाले. ह्या वेळीं एक नवी गोष्ट झाली. ह्या साठ जणांनीं केवळ वर्गणी दिली नाहीं. मंडळ जें कर्ज काढील त्या सर्वाबद्दल प्रत्येकानें आपल्या सगळ्या मालमत्तेसह जबाबदारी घेतली. एवढा भक्कम जामीन पाहून बाहेरचा पैसा बेताच्या व्याजानें मिळाला. त्यांतून मंडळानें गाई विकत घेऊन गरीब शेतकऱ्यांस दिल्या, आणि त्यांनीं पांच वर्षांत हप्त्याहप्त्यानें रक्कम फेडावयाची असें ठरलें. गाय पहिल्या दिवसापासून त्याच्याच गोठ्यांतील, त्याच्याच मालकीची.

१८५२ सालीं ते हेड्डेसडॉर्फ येथें आले. हें गांव ऱ्हाईनच्या सपाटींत, नॉयवीड शहराला लागूनच होतें, व पुढें त्या शहरांतच सामील झालें. येथें १८५४ सालीं त्यांनीं एक धर्मादाय मंडळ काढलें आणि त्याच्यावर मोठमोठीं कामें सोंपविलीं: अनाथ व टाकलेल्या मुलांचा सांभाळ, तुरुंगांतून सुटून आलेल्यांस काम, गरिबांस गाई, आणि गरजूंस कर्ज. हेतु उत्तम होता. पण थोड्याच वर्षांत ह्या गाड्याचीं चाकें रुतूं लागलीं. सधन लोकांचा पहिला उत्साह ओसरला. ज्यांना मदतीची गरज नव्हती ते किती दिवस आपली मालमत्ता दुसऱ्यासाठीं जामीन ठेवणार? एक एक काम मागें पडत गेलें, आणि शेवटीं केवळ कर्जाचें काम जिवंत राहिलें.

हा प्रसंग रायफायझेन ह्यांच्या आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाचा होय असें आम्हांस वाटतें. वायरबुशची मंडळी दुष्काळाबरोबर संपली होती. आतां हेड्डेसडॉर्फचें मंडळहि डोळ्यांदेखत खचत होतें. परोपकारी माणसानें अशा वेळीं लोकांच्या कठोर अंतःकरणास दोष देऊन घरीं बसावें, हें साहजिक झालें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. दोष कोठें आहे तो त्यांनीं शोधला, आणि तो आपल्याच योजनेंत आहे असें त्यांस आढळलें. श्रीमंतानें द्यावें व गरिबानें घ्यावें, ह्या पायावर उभारलेलें घर श्रीमंताच्या मर्जीइतकेंच टिकतें. ज्याला कर्ज पाहिजे त्यानेंच मंडळाचा सभासद झालें पाहिजे, त्यानेंच जबाबदारी घेतली पाहिजे, आणि दुसऱ्याच्या कर्जासहि त्यानेंच जामीन राहिलें पाहिजे. हें तत्त्व कबूल करणें त्यांस सोपें गेलें नाहीं. कारण ख्रिस्ती दयेवर त्यांची मोठी भिस्त होती. परंतु १८६२ सालीं जवळच्या आनहाउझेन गांवीं ह्या नव्या पायावर एक कर्जपेढी निघाली, आणि १८६४ सालीं हेड्डेसडॉर्फच्या मंडळाचेंहि तशाच पेढींत रूपांतर झालें.

त्या पेढ्यांचे नियम थोडक्यांत असे होते. पेढीचें क्षेत्र लहान असावें. एक गांव किंवा एका मंडळीच्या उपासनेस जमणारीं आसपासचीं खेडीं, एवढेंच. सभासदांनीं पेढीच्या सर्व देण्याबद्दल एकत्र व अमर्याद जबाबदारी घ्यावी. कर्ज केवळ सभासदासच, कामाच्या गरजेसाठीं, जामीन पाहून व फेडीस पुरेशी मुदत देऊन द्यावें. पंचांनीं विनावेतन काम करावें. फक्त हिशेबनीसास मोबदला मिळावा. नफा वांटून घेऊं नये. तो गंगाजळींत टाकावा, व ती गंगाजळी कोणासहि फोडतां येऊं नये. तसेंच गरिबांनीं शिल्लक टाकलेले थोडेथोडके पैसेहि पेढीनें ठेव म्हणून घ्यावे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, पन्नास कंगालांनीं एकमेकांस जामीन राहिल्यानें एक धनिक कसा निर्माण होतो? ह्याचें उत्तर लहान गांवाच्या स्वभावांत आहे. शहरांतील पेढी कर्ज मागणाराचे कागद पाहते. त्याचें घर तिला माहीत नसतें. परंतु वायरबुशसारख्या गांवांत कोणाचें शेत नांगरलें गेलें, कोण दारूच्या दुकानीं बसतो, कोणाची गाय आटली, कोणाच्या बायकोनें दुखण्यांत घर कसें सांभाळलें, हें सर्वांस ठाऊक असतें. ही माहिती विकत मिळत नाहीं. पण ती ज्या पंचांपाशीं आहे ते कर्ज देण्यांत सहसा फसत नाहींत. आणि ज्याच्या कर्जाला शेजाऱ्याची जमीन जामीन आहे, तो तें कर्ज चैनींत उडवूं लागला तर शेजारी गप्प बसत नाहीं. गांवांतील जी जवळीक एरवीं चहाडीचें व भांडणाचें कारण होते, तिलाच रायफायझेन ह्यांनीं भांडवल बनविलें. म्हणूनच पेढीचें क्षेत्र वाढविण्याचा मोह ते टाळीत. गांव लहान आहे ही त्याची उणीव नसून तेंच त्याचें बळ आहे, हें त्यांनीं ओळखलें.

ज्या काळांत हें काम आकारास येत होतें त्याच काळांत घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. सात मुलांपैकीं तीन लहानपणींच गेलीं. १८६३ सालीं पत्नी एमिली मरण पावल्या, आणि त्याच वर्षीं त्यांना स्वतःला विषमज्वरानें गांठलें. डोळ्यांचा विकारहि बळावला. १८६५ सालीं, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यांना नोकरी सोडावी लागली. निवृत्तिवेतन अपुरें, म्हणून त्यांनीं सिगारांचा एक लहान कारखाना काढला व पुढें द्राक्षमद्याचा व्यापार करून संसार चालविला. वडील मुलगी अमाली त्यांचे डोळे झाली. ती त्यांना वाचून दाखवी, त्यांचीं पत्रें लिही, आणि ते बोलत जात तें उतरून घेई. अशा रीतीनें १८६६ सालीं त्यांचें ग्रामीण कर्जपेढ्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत पेढी कशी काढावी, वह्या कशा ठेवाव्या, नियम कसे करावे, हें साध्या शेतकऱ्यास कळेल असें सांगितलें होतें. त्यांच्या हयातींतच त्या पुस्तकाच्या पांच आवृत्त्या निघाल्या. जो माणूस स्वतः ओळ वाचूं शकत नव्हता त्याच्या पुस्तकानें खेड्यांतील हजारों माणसांस हिशेब शिकविला, आणि त्यांत त्या मुलीचा वांटा केवढा होता हें विसरतां कामा नये.

त्यांस विरोध झाला नाहीं असें नाहीं. त्याच काळीं हेर्मान शुल्झ-डेलिच नांवाचे दुसरे एक थोर गृहस्थ शहरांतील कारागिरांसाठीं पेढ्या काढीत होते. त्यांच्या पेढ्यांत सभासदानें भाग घ्यावा, नफ्याचा वांटा घ्यावा, कर्ज थोड्या मुदतीचें असावें, व कारभाऱ्यांस पगार असावा, असा नियम होता. रायफायझेन ह्यांच्या पेढ्या ठेवी थोड्या मुदतीच्या घेतात व कर्जें लांब मुदतीचीं देतात, हें धोक्याचें आहे असा आक्षेप त्यांनीं घेतला. हा आक्षेप पोकळ नव्हता. परंतु सुताराचा पैसा महिन्या-दोन महिन्यांत परत येतो, शेतकऱ्याचा मात्र सुगीनंतर, आणि गाईचा तर काहीं वर्षांनीं, हें रायफायझेन जाणत होते. मुदत कमी करण्याऐवजीं त्यांनीं पेढ्यांची पेढी काढण्याचा मार्ग धरला. ज्या गांवीं पैसा शिल्लक आहे तेथून, ज्या गांवीं टंचाई आहे तेथें तो जावा, म्हणून १८७२ सालीं नॉयवीड येथें पहिली मध्यवर्ती पेढी निघाली. १८७६ सालीं तिच्या जागीं अधिक व्यापक पेढी आली, व १८७७ सालीं सर्व ग्रामपेढ्यांचा संघ झाला.

रायफायझेन ह्यांची सारी खटपट धर्मश्रद्धेंतून निघाली होती. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत भुकेल्यास अन्न देण्याविषयीं जी शिकवण आहे, तिच्यावर आपलें काम उभें आहे असें ते मानीत. पण त्या श्रद्धेनें त्यांस हिशेबांत ढिलाई शिकविली नाहीं. प्रार्थना व खतावणी ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या पेढींत एकाच टेबलावर बसत. देवाचें नांव घेऊन हिशेब चुकविणारे लोक जगांत पुष्कळ आहेत. हिशेब चोख ठेवून देवाचें नांव न विसरणारे थोडे.

११ मार्च १८८८ रोजीं, सत्तरावा वाढदिवस अवघ्या एकोणीस दिवसांवर आला असतां, त्यांनीं हेड्डेसडॉर्फ येथें देह ठेविला. त्या वेळीं जर्मनींत त्यांच्या पद्धतीच्या चारशेंहून अधिक पेढ्या चालू होत्या. पुढें ही पद्धत ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हॉलंड व इतर अनेक देशांत पसरली. सहकाराची ही कल्पना व रीत २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत नोंदविली. वायरबुश आज ऱ्हाईनलांड-फाल्झ राज्याच्या आल्टेनकिर्खेन जिल्ह्यांत मोडतें, आणि अजूनहि तें खेडेंच आहे. भट्टीची आठवण तेथें जतन केलेली आहे; फ्लामर्सफेल्ड येथें रायफायझेन ज्या लांकडी चौकटींच्या जुन्या घरांत राहत तें घर लोकांस पाहण्यासाठीं राखलें आहे.

आतां हें रोप आपल्या देशांत कसें आलें तें सांगून लेख पुरा करूं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून कर्जखतें काढून जाळलीं, व तो दंगा पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला. पण कायद्यानें सावकाराचा हात आंवळतां आला तरी शेतकऱ्यास दुसरीकडून पैसा मिळेना. पुढें मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकलसन ह्या अधिकाऱ्यास युरोपांतील ग्रामीण पेढ्यांची पाहणी करण्यास पाठविलें. त्यांचा मोठा अहवाल १८९५ व १८९७ सालीं दोन भागांत निघाला, आणि त्या अहवालाचें सार त्यांनीं हेंच काढलें कीं, रायफायझेनसारखा माणूस शोधून काढावा. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला. त्यांत ग्रामीण पेढीची जबाबदारी अमर्याद असावी, असें रायफायझेन ह्यांचेंच तत्त्व घातलें होतें. त्या कायद्याच्या पाठोपाठ महाराष्ट्रांतील खेड्यांत पतपेढ्या उभ्या राहिल्या. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील लोणी गांवीं १९२३ सालीं विठ्ठलराव विखे पाटील ह्यांनीं काढलेली पेढी त्यांपैकींच एक. तेच गृहस्थ पुढें प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणींत अग्रेसर झाले.

आज आपल्या सोसायट्या पुष्कळ आहेत. त्यांच्या इमारती मोठ्या आहेत आणि त्यांस सरकारचा आधार आहे. ह्या गोष्टी वायरबुशच्या मंडळीपाशीं नव्हत्या. परंतु जेथें सभासद एकमेकांस ओळखीनासे झाले, पंच नात्यागोत्याकडे पाहूं लागले, आणि कर्ज म्हणजे सरकारचा पैसा, तो बुडाला तर आपलें काय जातें, असें लोक म्हणूं लागले, तेथें सोसायटीचा सांगाडा राहतो व प्राण निघून जातो. निकलसनसाहेबांनीं माणूस शोधा असें सुचविलें. नुसते नियम आणा असें सुचविलें नाहीं. तो माणूस मोठा विद्वान असावा लागत नाहीं, श्रीमंत तर नाहींच. त्याला शेजाऱ्याची चूल पेटली कीं नाहीं हें पाहण्याइतकें अंतःकरण, वही स्वच्छ ठेवण्याइतका हिशेब, आणि एक योजना मोडली तर तिच्यांतील दोष शोधून दुसरी मांडण्याइतका धीर असला म्हणजे पुरे. अशीं माणसें आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत आहेत, अशी आमची खात्री आहे. पंचांच्या पुढच्या सभेंत त्यांपैकीं एकानें जरी उठून गांवाची वही सर्वांसमोर वाचून दाखविली, तरी कामाचा आरंभ झाला असें आम्ही समजूं.